काय वं, धोंडबा

शालिकराम कोहळे पंपहाऊसवर आठ तासांच्या पाळीत साधारण अकरा शब्द बोलत. त्यातले निम्मे "हो जी" आणि "नाही जी" यांत जात. घरी आले, दार लावलं, की मात्र बोलायला लागत.

हे सिंधूआत्याला माहीत होतं, कारण तिच्या आणि त्यांच्या क्वार्टरमधली भिंत एका विटेची होती. सिंधूआत्या माझी सख्खी आत्या. नागपूरजवळच्या कोराडीत, वीजकेंद्राच्या वसाहतीत, तिनं उभा जन्म काढला. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्याची ही गोष्ट तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे, की भिंतीच्या अलीकडची बाजू मला पाठ आहे. पलीकडची बाजू खुद्द शालिकभाऊंनी सांगितली. त्याला चार उन्हाळे लागले.

अलीकडची बाजू अशी.

"काय गा धोंडबा, जेवला काय?"

उत्तर नाही.

"काहून रुसला? काल भाताचं शीत देल्लं, ते तसंच टाकलं. आज बटाटा हाय. उकडलेला."

उत्तर नाही.

"बरं, नको बोलू. मी कुठं बोलतो कोनाशी."

आत्या भिंतीपासून बाजूला झाली आणि आपल्या नवऱ्याला म्हणाली, "कोहळ्याच्या घरी कोनी धोंडबा येऊन राहिला."

"असन एखादा गाववाला," रामाजी म्हणाले. ते पेपर वाचत होते.

"गाववाला हाय तं बोलत काहून नाही? महिना झाला. त्याचा खोकला नाही, चूळ भरल्याचा आवाज नाही."

"मुका असन."

"उकडलेला बटाटा खाते फक्त."

"मंग मुकाच हाय," रामाजी म्हणाले आणि पान उलटलं.

धोंडबा हा झिंगा होता.

वीजकेंद्राला लागणारं पाणी तलावातून खेचलं जाई. जिथून खेचत तिथं एक लोखंडी जाळी पाण्यात वरखाली फिरत असे. जाळीवर येईल ते बाजूला काढायचं, ही शालिकरामची नोकरी. पाण्यावरची जलकुंभी येई, चपला येत, विसर्जनाचे नारळ येत आणि मासे येत. मासे पाळीवरच्या लोकांच्या डब्यात जात. शालिकराम नेत नसत. त्यांचं घर महानुभावी, तीन पिढ्या मासमच्छी नाही. ते जलकुंभी काढत आणि बाकीच्यांचे डबे उघडून धरत.

होळीनंतरच्या आठवड्यात जाळीवर एक झिंगा आला. काळपट, बोटभर लांब, एक नांगी तुटलेली. बाकीचे झिंगे अशा वेळी उड्या मारतात. हा मारेना. जाळीच्या काठावर बसून त्यानं उरलेली नांगी पाळीवरच्या फिटरवर उगारली. शालिकरामचे चुलते धोंडबाकाका शेताच्या धुऱ्यावर काठी घेऊन असेच उभे राहत, आणि धुरा कोणाचा हे ठरेपर्यंत हटत नसत.

"हा राहू द्या जी," शालिकराम म्हणाले. त्या दिवशीचे त्यांचे शब्द चौदा झाले.

घरी त्यांची बायको प्रेमिला नव्हती. कळमेश्वरला तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि प्रेमिला होळीलाच तिकडं गेली होती. शालिकरामनं जुन्या पेटीच्या लोखंडी चौकटीत काचा बसवल्या आणि फटींत सुतारी लांबी भरली. तळाला कन्हान नदीची वाळू धुऊन पसरली. लपायला छपरावरचं एक फुटकं कवेलू उपडं घातलं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं आणि मग घालायचं, हे त्यांना नोकरीमुळं ठाऊक होतं. सगळं झालं. प्रश्न उरला तो पेटी ठेवायची कुठं याचा. भरलेली पेटी दोन मणांची. घरात तिला पेलेल अशी एकच वस्तू होती. प्रेमिलाची शिवणाची पायमशीन.

प्रेमिलाचं पोस्टकार्ड आलं. "मायची तब्येत तशीच हाय. मशीनीवर धूळ बसू देऊ नका. झाकून ठेवा."

शालिकरामनं उत्तर लिहिलं, "मशीन झाकली आहे."

पुढच्या महिन्यात जाळीवर आणखी एक झिंगा आला. धोंडबाहून मोठा, दोन्ही नांग्या शाबूत. शालिकरामला वाटलं, धोंडबाला सोबत होईल. पंपहाऊसवर भैयाजी नावाचे एक सुपरवायझर होते, तेही दोन्ही हात पुढं धरून चालत. म्हणून हा भैयाजी.

अलीकडच्या बाजूला आत्यानं नोंद घेतली: दुसरा गडी आला. हाही मुका.

मग एका सकाळी धोंडबा मेलेला दिसला. कवेलूच्या बाहेर आडवा, मिशांपासून शेपटीपर्यंत पूर्ण, न हलणारा. शालिकरामनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. धोंडबाला चमच्यानं काढलं, काडेपेटीत ठेवलं आणि वीजकेंद्राच्या लॅबमध्ये नेलं. तिथं पाणी तपासायला मनोहरराव म्हणून केमिस्ट होते.

"धोंडबा गेला जी."

"कोण धोंडबा?"

शालिकरामनं काडेपेटी उघडली. मनोहररावांनी चिमट्यानं उचलून उजेडात धरलं. धोंडबातून पलीकडची खिडकी दिसत होती.

"हा रिकामा आहे, कोहळे. धोंडबानं कात टाकली."

शालिकराम म्हणाले, "पान नाही खात जी तो."

"अहो, सापाची असते ती कात! अंगाचं कवच. जुनं घट्ट झालं की टाकतो, नवीन येतं. घरी जाऊन कवेलू उचला."

कवेलूखाली धोंडबा होता. मऊ, फिकट, लाजल्यासारखा. तुटलेल्या नांगीच्या जागी मुगाच्या शेंगेच्या टोकाएवढी नवी नांगी आली होती. आणि भैयाजी त्याच्या अगदी अंगाला लागून उभा होता. शालिकरामला वाटलं, राखण करतो आहे.

दोन दिवसांनी ते पुन्हा लॅबमध्ये गेले.

"धोंडबाच्या पोटाले मोहरी चिकटली जी."

"किती?"

"साठेक दाणे असतील. पायांनी हालवत राह्यतो."

मनोहररावांनी हातातली नळी स्टँडवर ठेवली. "कोहळे, ती अंडी आहेत. तुमचा धोंडबा बाई आहे."

शालिकरामनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"आता ऐका. त्या दुसऱ्याला वेगळा काढा, पिलं झाली की खाऊन टाकेल. आणि तिला हलवू नका. पेटी जागची काढायची नाही, सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. घाबरली की अंडी झटकून टाकते. तीन-चार आठवडे जातील. अंड्यात काळे डोळे दिसायला लागले की दहा दिवस राहिले समजा."

शालिकराम सायकल हातात धरून घरी चालत आले. दोन महिने आपण एका बाईला, गड्याला म्हणावं तसं, गा म्हणत होतो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. नाव बदलावं का, यावर त्यांनी विचार केला. ते तिच्या अंगवळणी पडलं असेल, असं त्यांना वाटलं. पण निदान बोलण्याची रीत तरी सुधारायला हवी होती.

त्या दुपारी आत्या पोळ्या लाटत होती.

"भैयाजी, तू चाल आता इथून," भिंतीपलीकडून आवाज आला. "तुयं काम झालं. तुह्यासाठी बरणी ठेवली हाय. मुकाट्यानं निंग." मग काही तरी खडखडलं. मग आवाज एकदम मऊ झाला. "काय वं, धोंडबा? खातं काय काही? पोटाले जप बाई आता. थांब, कूलर तुह्याकडं करतो."

आत्यानं लाटणं खाली ठेवलं.

"अवो! धोंडबा बाई हाय!"

"कोन म्हनते?" रामाजींनी विचारलं.

"कोहळेच म्हनते. आतापर्यंत गा म्हने, आज वं म्हनून राहिला."

"नाव तं धोंडबा हाय."

"नाव कोनी कायबी ठेवते. लोकाईले समजू नये म्हून ठेवलं असन. वं लपत नाही. पोटाले जप म्हने! प्रेमिला तिकडं मायची हागणीमुतणी करून राहिली आन् इकडं ह्यानं कूलर फिरवला!"

रामाजींनी पेपर मिटला. त्यांच्या संसारात असं क्वचित होई.

चार दिवसांनी वसाहतीच्या ऑफिसात एक निनावी चिठ्ठी पोचली. आत्या आजही म्हणते की ती तिनं लिहिली नाही. हे खरं आहे. तिनं सांगितली, लिहिली रामाजींनी.

मग शालिकरामला नोटीस आली. चिठ्ठीतली बाई आणि धोंडबा ऑफिसनं वेगवेगळे मोजले होते. "आपणांस वाटप केलेल्या निवासस्थानात धोंडबा व भैयाजी नामक दोन इसम, तसेच एक महिला (नाव अज्ञात), विनापरवाना वास्तव्य करीत असल्याचे समजते. तीन दिवसांत समक्ष खुलासा करावा. अन्यथा वाटप रद्द करण्यात येईल."

नोटीस आली त्याच सकाळी अंड्यांत डोळे दिसू लागले होते. प्रत्येक दाण्यात दोन टिंबं.

ऑफिसात वाटपाचं टेबल दत्तोपंतांकडं होतं. ते नागपूरच्या धरमपेठेतून रोज बसनं येत, डबा वेगळ्या टेबलावर खात आणि कोणाचंही वाईट व्हावं असं त्यांना वाटत नसे. त्यांच्या मागं भिंतीवर वसाहतीचे नियम टांगलेले होते. शालिकराम उभे होते तिथून चौदावा नियम बरोबर डोळ्यांसमोर येई. "निवासस्थानात कोंबडी, बकरी, डुक्कर, गाय, म्हैस व तत्सम प्राणी पाळण्यास सक्त मनाई आहे."

शालिकरामनं तो दोनदा वाचला. झिंगा आहे असं सांगितलं, की पेटी आजच उचलावी लागणार. नाही सांगितलं तर क्वार्टर जाणार. त्यांनी ठरवलं, खोटं बोलायचं नाही, विचारतील तेवढंच सांगायचं. त्यांना ते अवघड नव्हतं.

"कोहळे, हा धोंडबा कोण?"

"राह्यते जी घरी."

"म्हणजे कबूल आहे."

"हो जी."

"आणि भैयाजी?"

"त्याले वेगळा काढला जी."

"का?"

"लेकरं खाऊन टाकन."

दत्तोपंत तांब्यातलं पाणी प्यायले. "आणि ही बाई कोण?"

"कोनती बाई?"

"जिला तुम्ही वं म्हणता. सगळी वसाहत ऐकते."

"ते धोंडबाच जी."

दत्तोपंतांनी पेनाला टोपण लावलं. "धोंडबा बाई आहे?"

"हो जी. मलेबी आताच समजलं."

"तुमच्या मिसेसना माहीत आहे हे?"

"नाही जी." शालिकरामनं मान खाली घातली. "तिले सांगा लागन. पण मशीनीचं कसं सांगू, हे समजून नाही राहिलं."

मशीनीचा संबंध दत्तोपंतांना लागला नाही. माणूस घाबरला की काहीही बोलतो, हे त्यांनी नोकरीत पाहिलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "दिवस आहेत का तिला?"

"हो जी. दहाच राहिले."

"मग आत्ताच्या आत्ता हलवा तिला. तिच्या माणसांकडे पोचवा."

"हलवलं तं टाकून देते जी," शालिकराम म्हणाले, आणि त्यांचा आवाज एवढा वाईट झाला की शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला. "एकबी वाचणार नाही. दहा दिवस द्या. तिची सुटका होऊ द्या."

दत्तोपंतांना तीन मुली होत्या आणि आणखी दोन जगल्या नव्हत्या. त्यांनी टोपण काढलं. फायलीवर लिहिलं, "मानवतेच्या दृष्टीने दहा दिवसांची मुदत. तदनंतर प्रत्यक्ष पाहणी."

"काळजी घ्या तिची," ते म्हणाले. "उन्हाळा वाईट आहे."

"हो जी. ओला दुपट्टा टाकतो तिच्यावर."

"चांगलं करता."

संध्याकाळपर्यंत वसाहतीला कळलं, की कोहळ्यांच्या घरी बाई आहे, बाईला दिवस आहेत, आणि ते ऑफिसात लेखी झालेलं आहे. आत्यानं त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. कळमेश्वरला प्रेमिलाच्या नावे कार्ड टाकलं, "ताबडतोब निघून ये, बाकी भेटल्यावर." आणि एका वाटीत लाडू घेऊन कोहळ्यांचं दार वाजवलं. कारण पाप कोहळ्याचं होतं. पोटातल्याचं काय होतं?

शालिकरामनं दार वीतभर उघडलं. आत खिडकीवरच्या खसाच्या ताटीचा ओला अंधार होता.

"कशी हाय ती?" आत्यानं विचारलं.

शालिकरामला बरं वाटलं. गोष्ट पोटात ठेवायची होती, पण शेजारणीला ठाऊक होती आणि ती रागावलेली नव्हती. "बरी हाय. पाय हालवत राह्यते सारखी."

"पायाले गोळे येत असतीन. खाते काय?"

"काल आळ्या देल्ल्या. सगळ्या खाल्ल्या."

"आळीव? चांगलं केलं भाऊ. कंबरेले ताकद येते. दुधात देल्ले काय?"

"पाण्यात."

"पाण्यात?" आत्याला हा कंजूषपणा वाटला. "दुधात देत जा वं... देत जा भाऊ. आन् हे ठेवा." तिनं वाटीवर ठेवलेली जुन्या लुगड्याची मऊ धुडकी त्यांच्या हातात दिली. "लागतीन बारक्याले."

शालिकराम ती धुडकी हातात धरून बराच वेळ उभे होते. कापड इतकं झिरझिरीत होतं, की पाणी गाळायला त्याहून चांगलं काही मिळालं नसतं. शेजारणीला पिलांची एवढी समज असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. लाडवाचा कण त्यांनी धोंडबाला देऊन पाहिला. तिनं तो कवेलूबाहेर ढकलला. उरलेले लाडू त्यांनी खाल्ले.

दहाव्या दिवशी सकाळी दत्तोपंत फाइल घेऊन आले. त्यांच्याबरोबर एक शिपाई होता. आत्या ओट्यावर आधीच उभी होती. इतक्यात नळाच्या कोपऱ्यावरून प्रेमिला आली. खांद्याला कापडी पिशवी, चपलांवर बसमधली धूळ. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी तिला वाट दिली.

दारात शालिकराम होते.

"कुठं हाय ते?"

शालिकरामनं आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. प्रेमिला आत गेली. बाहेर पाण्याच्या टाकीवर एक कावळा ओरडत होता.

"अवो!" आतून किंचाळी आली. "माया मशीनवर?"

आत्यानं डोळे मिटून घेतले. "मशीनवर बसवलं तिले," ती पुटपुटली.

"झाकली लिहिता मले! तीन महिने मी मायच्या खाटेपाशी बसून जीव टाकते, मशीनीचं काय झालं असन, आन् हे लिहितात, झाकली! पाण्यानं झाकतात काय मशीन?"

"खाली रबर हाय," शालिकराम म्हणाले.

"रबर हाय म्हने! चाक पाहा, गंजलं!" मग आवाज अचानक थांबला. थांबला, आणि निराळाच झाला. "हे तं मादी हाय."

"हो. आता समजलं."

"आता समजलं? पोट पाहा केवढं रुंद. आमच्या माहेरी शेंबडं पोरगं सांगन. धोंडबा कोनं म्हटलं हिले?"

"मी."

"तुमाले बाई कवा समजली म्हना."

दत्तोपंतांनी दारावर टकटक केलं आणि आत आले. आत्या त्यांच्या मागून, शिपाई आत्याच्या मागून. "ती बाई कुठे आहे?"

"मीच हाय. कोहळ्याची बायको."

"नाही, दुसरी."

प्रेमिलानं पेटीकडं बोट दाखवलं. दत्तोपंत वाकले. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली आणला.

काचेला लागून धोंडबा उभी होती. शेपटीचा भाग उचलून ती पोटाखालचे पाय झपझप हलवत होती, आणि प्रत्येक झटक्यासरशी दोन-तीन ठिपके सुटून पाण्यात पडत होते. ठिपका वाळूवर टेकला की त्याला मिशा होत्या. त्याला डोळे होते. तो आईसारखाच होता, फक्त केसाएवढा. एकानं खाली टेकताच नसलेली नांगी उगारली.

खोलीतली पाचही माणसं काचेपाशी वाकली. आत्यानं पदर डोक्यावर घेतला.

"सुटका झाली म्हणायची," शेवटी दत्तोपंत म्हणाले.

"हो जी."

दत्तोपंतांनी फाइल उघडली. "अनधिकृत इसम" या रकान्यात त्यांनी "निरंक" लिहिलं. आत्या रामाजींना शोधायला मागं वळली, पण रामाजी आलेच नव्हते. मग दत्तोपंतांचं पेन कागदावर थांबून राहिलं, आणि शालिकरामला कळलं की त्यांना चौदावा नियम आठवला.

"कोहळे, पण हा प्राणी झाला."

"कोंबडी नाही जी."

"तत्सम."

"तत्सम म्हणजे काय जी?"

दत्तोपंतांनी धोंडबाकडं पुन्हा पाहिलं. कोंबडीसारखं तिच्यात काय आहे, हे ते प्रामाणिकपणे शोधत होते. "पाळलेला आहे ना? मग तत्सम. आज पेटी काढावी लागेल. मी डोळ्यांनी पाहिलं, आता न लिहिता कसं चालेल?"

शालिकराम पेटी आणि दत्तोपंत यांच्या मधे येऊन उभे राहिले. केसाएवढी साठ पिलं. पेटी उचलली तर एकही राहणार नव्हतं. त्या उन्हाळ्यातलं त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य ते तेव्हा बोलले. "मंग मी क्वार्टर सोडून देतो जी, आजच लिहून घ्या, फक्त पेटी महिनाभर इथंच राहू द्या, आमी कुठंबी राहतो."

"कोन सोडते?" प्रेमिला म्हणाली. "आमी कोन?" ती दत्तोपंतांकडं वळली. "साहेब, मासळी घरात आणू नये असं लिहिलं हाय काय तुमच्या नियमात?"

"नाही. खाण्यापिण्यावर नियम नाही."

"झिंगे कुठं भेटतात?"

"मला काय माहीत बाई."

"बजारात. मासळीवालीपाशी. वांग्यात घालतात. मंग हे पाळलेलं नाही, हे सैपाकाचं सामान हाय. ताजं राहावं म्हून पाण्यात ठेवलं."

दत्तोपंत विचारात पडले. "पण कोहळे तर खात नाहीत. सगळ्यांना ठाऊक आहे."

"कोनं खावं हे लिहिलं हाय काय?"

ते लिहिलेलं नव्हतं. दत्तोपंतांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात मजकूर काढला. "माझ्या निवासस्थानातील झिंगा (एक) व त्याची पिल्ले (अंदाजे साठ) ही खाद्यवस्तू असून ती मी स्वयंपाकासाठी आणलेली आहेत." बरणीतल्या भैयाजीचा त्यांनी खाली वेगळा उल्लेख केला. "क्वार्टर तुमच्या नावावर आहे, कोहळे. सही तुमची लागेल. आणि साक्षीदारांसमोर वाचून दाखवावं लागेल."

शालिकरामनं कागद हातात घेतला. एकदा मनात वाचला. तीन पिढ्यांत त्या घरातल्या कोणी असं काही बोललं नव्हतं. त्यांनी पेटीकडं पाहिलं. धोंडबा काचेला लागूनच होती, मिशा त्यांच्या बाजूला करून.

"इथं नको जी," ते म्हणाले.

खुंटीवरचा ओला दुपट्टा त्यांनी काढला. पेटीवर टाकला. चारी बाजूंनी खाली ओढला, पुढची काच पूर्ण झाकली जाईपर्यंत. मग सगळ्यांना घेऊन ते बाहेर आले, दार ओढून घेतलं, ओटा उतरले आणि पार रस्त्यापलीकडच्या निंबाखाली गेले. तिथं त्यांनी तो कागद वाचला.

"ऐकू नाही आलं," दत्तोपंत म्हणाले.

"मले आलं," प्रेमिला म्हणाली. "लिहा."

"मलेबी आलं," आत्या म्हणाली. तिला आलं नव्हतं. ती सर्वांत मागं होती.

साठातली सव्वीस जगली. पेटी मशीनवरच राहिली, कारण पिलं मोठी होईपर्यंत हलवता येत नव्हती, आणि ती मोठी झाल्यावर भैयाजीला बरणीतून परत घातलं, तर धोंडबाच्या पोटाला पुन्हा मोहरी आली. प्रेमिलानं ती दिवाळी हातशिलाईवर काढली आणि त्याबद्दल रोज बोलली. पुढं शालिकरामनं पेटीसाठी सागाचं स्टूल करून आणलं. भिंतीपलीकडून आता दोन आवाज येत. "काय वं, धोंडबा," असं बायकी आवाजात ऐकू आलं, की आत्या रामाजींना म्हणे, "प्रेमिला तिच्याशी बोलते तशी माह्याशी नाही बोलत."

दर उन्हाळ्यात दत्तोपंत पाहणीला येत. वाकून पाहत, चष्मा वरखाली करत, चहा घेत. फायलीत शेरा लिहीत, "खाद्यवस्तू आढळल्या. अद्याप शिजविण्यात आलेल्या नाहीत." धोंडबा तिसऱ्या वर्षी गेली. त्या वेळी शालिकरामनं कवेलू दोनदा उचलून पाहिलं. तोपर्यंत वसाहतीत नऊ घरी काचेच्या पेट्या झाल्या होत्या आणि नऊ फायलींत नऊ कागद होते.

सत्त्याऐंशीला, निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, दत्तोपंत एकटेच आले. हातात काचेची बरणी होती, लोणच्याची, घासून धुतलेली. ती त्यांनी मांडीवर धरली.

"कोहळे, एक जोडी द्याल? महिनाभर ऑफिसात टेबलावर ठेवीन, मग घरी नेईन. घरी आता कोणी बोलायला नाही."

"हो जी."

शालिकरामनं धुडक्यातून गाळून पाणी भरलं, एक जोडी काढली. दत्तोपंतांनी बरणी उजेडात धरून पाहिली. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. नियम सगळ्यांना सारखा. मजकूर त्यांचाच होता, नऊ वेळा त्यांनीच लिहिला होता. आयुष्यात अंडंही न खाल्लेला माणूस तो कागद हातात धरून बसला, आणि त्याला पहिला शब्द उच्चारवेना.

शालिकराम उठले. खुंटीवरचा दुपट्टा काढला आणि बरणीवर टाकला.

"चला जी," ते म्हणाले. "निंबाखाली जाऊ."